शिजवलेल्या भाताचा आकडा

कलकत्त्याजवळच्या बराकपूरच्या पुढे, रुळांच्या कडेला पुरात घरं गेलेल्या माणसांची छावणी होती. त्या छावणीतली डाळ माघात बंद झाली, आणि ती बंद होण्यात शकुनच्या पातेल्याचा हात होता. शकुनला ते ठाऊक होतं. ठाऊक म्हणजे काय, सुरुवातीला तर बाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

झालं होतं असं. शकुनचा नवरा दिगंबर सरकारी प्रयोगशाळेत अन्न तपासायचा. कशात काय आहे आणि किती आहे, ते काढायचं नि तक्त्यात भरायचं. त्या तक्त्यावरून वरचे लोक ठरवणार, कुणाला काय खायला घालायचं. पौषात त्याच्या साहेबांना शिजवलेल्या भाताचा आकडा हवा होता. कच्च्या तांदळाचा होता, पण छावणीतली माणसं कच्चे तांदूळ थोडीच चावून खातात? शिजल्यावर त्यात बी-वन जीवनसत्त्व उरतं किती, ते हवं होतं, आणि दिल्लीला ते कालच हवं होतं. प्रयोगशाळेतला गॅस संपलेला, विजेचा तर भरवसाच नाही. दिगंबर छावणीच्या पोत्यातले तांदूळ पिशवीत घालून घरीच घेऊन आला.

"सकाळी याचा भात लाव आणि डब्यात भरून दे," तो म्हणाला. "मीठबीठ घालू नकोस."

शकुनने पिशवी उघडली आणि नाकाला पदर लावला. कुबट वास, जाळ्या धरलेल्या, वर किडे फिरतायत. पाखडून पाखडून हात दुखले, तरी वास काही जाईना. हा भात तिच्या डब्यातून फणसळकर साहेबांच्या टेबलावर जाणार! साहेब दिवाळीत जेवून गेले होते आणि "वहिनी, कलकत्त्यात येऊन असा भात जेवलो नव्हतो" असं चारचौघांत म्हणाले होते. त्या माणसापुढे हे ठेवायचं? छे! तिने ते तांदूळ मागच्या अंगणात चिमण्यांना टाकले. फळीवरचा मोठा डबा काढला. भोरहून भाऊ दरवर्षी हातसडीचे तांदूळ पाठवायचा, ते त्यात होते. एकाच पाण्याने धुतले, अंदाजाने आधण ठेवलं आणि झाकण घालून मंद जाळावर सगळं पाणी त्यातच आटवलं. शीत न् शीत मोकळं झालं. दिगंबर घाईत होता. त्याने डबा उचलला आणि गाडी गाठली.

आकडा आला तो झकास आला. साहेब म्हणाले, नुसत्या भातातच एवढं असेल तर डाळ हवीच कशाला? डाळ बाजारात मिळतच नव्हती, त्यामुळे दिल्लीलाही हा आकडा फार आवडला. दिगंबर त्या संध्याकाळी संदेश मिठाईचा पुडा घेऊन आला.

"तुझ्या भाताचा आकडा छापून येणार," तो म्हणाला.

शकुनने एक संदेश देवापुढे ठेवला. तांदळाची अदलाबदल सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण म्हटलं, कशाला उगीच! भात तो भात.

सरला त्याच छावणीतून शकुनकडे भांडी घासायला यायची. नवरा कामाच्या शोधात गिरण्यांच्या बाजूला गेला, तो गेलाच. पोटुशी असताना आली होती. माघात छावणीतच तिला मुलगी झाली. बारा दिवसही झाले नाहीत, तोच पोर फडक्यात बांधून पुन्हा दारात हजर. बोलायची मोडकं हिंदी, त्यात अर्धं बंगाली, आणि शकुनला म्हणायची बौदी, म्हणजे वहिनी. काम मात्र लख्ख. तिने राखेने घासलेली पितळी भांडी शकुन मुद्दाम पुढच्या खोलीत मांडायची.

चैत्रात एकदा भांडी पालथी घालता घालता सरला म्हणाली, "बौदी, मूठभर डाळ द्याल? नुसता भात घशाखाली उतरत नाही आता."

शकुन तेव्हा डाळच निवडत होती. सूप मांडीवरच होतं.

"अगं, सरकार देतंय की तुम्हाला पुरेसं," ती म्हणाली. "भातातच सगळं असतं. आमच्या ह्यांनी मोजलंय ते. उगीच जिभेचे चोचले कशाला?"

सरलाने मान हलवली. तिला वाईट वाटलं असेल तर ते तिने दाखवलं नाही. गरिबाला असलं दाखवायची सोय नसते. सुपातला खडा काढून शकुनने टाकला आणि पुढे निवडत राहिली.

वैशाख लागला तशी हवा अंगाला चिकटायला लागली. नदीकडूनही वारा नाही. सरला यायला उशीर करू लागली. आली तरी उंबऱ्यात बसून धापा टाकायची. तिचे पाय घोट्यापाशी भरल्यासारखे दिसायला लागले. शकुनला वाटलं, बरं खातेय वाटतं कुठंतरी. मनात आलं ते ती बोललीसुद्धा.

"अंग भरलंय गं तुझं!"

सरला हसली. तिने पोटरीवर अंगठा दाबला आणि काढला. तिथं खळगा पडला, तो भरून यायलाच तयार नाही. "हे बघा बौदी, कणकेसारखे झालेत. रात्री मुंग्या येतात, पायाखालची जमीन कळत नाही."

"उन्हानं होतं तसं," शकुन म्हणाली आणि तिने तव्याकडे बोट दाखवलं. तवा खरवडायचा राहिला होता.

मग दोन दिवस सरला आलीच नाही. मोरीत भांड्यांचा ढीग पडला, माशा घोंघावायला लागल्या. खोटं कशाला बोला, शकुन छावणीत गेली ती त्या भांड्यांपायी. चांगलं फैलावर घ्यायचं असं ठरवून ती रिक्षात बसली.

छावणी म्हणजे पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या लांबच लांब रांगा. मधून गटार. त्या गटाराला एक आंबूस, कुबट वास होता, आणि तो वास कुठला ते शकुनला क्षणात ओळखू आलं. पौषातली पिशवी!

सरला तीन विटांच्या चुलीपुढे बसली होती. तिने तांदूळ पाणी नितळ येईपर्यंत चोळून चोळून धुतले. मोठ्या हंडीत भरपूर पाण्यात शिजवले. मग फडक्याने हंडी धरून, झाकण दाबून ती गटारावर तिरकी केली. पांढरी दाट पेज धबाधबा गटारात गेली. शेजारच्या चुलींवरही तेच चाललं होतं. रांगच्या रांग हंड्या उपड्या करत होती.

"अगं, ती पेज फेकतेस कशाला?" शकुन म्हणाली. "सगळा कस त्यात जातो!"

"आमच्यात भात असाच करतात, बौदी. घरी होतो तेव्हा ही पेज, फ्यान म्हणतो आम्ही, पीत होतो, गाईला घालत होतो. ह्याचा वास बघा. पोटात ठरत नाही. बकरीसुद्धा तोंड लावत नाही." सरलाने हंडी खाली ठेवली. तेवढ्यानेच तिला दम लागला होता. "मी आले असते, पण ही बघा ना."

पोर गोणपाटावर होतं. गुबगुबीत दिसत होतं, पण ओठ निळसर. ते रडत होतं. तोंड वासलेलं, भुवया आक्रसलेल्या, पोट भात्यासारखं आत-बाहेर होत होतं, मुठी वळलेल्या. सगळं रडण्याचंच होतं, फक्त आवाज नव्हता.

"हे असं काय?" शकुन चरकली.

"परवापासून आवाज गेला. दूध आहे मला, भरपूर आहे. पिते आणि ओकते." सरलाने पोर उचलून छातीशी धरलं. "इथल्या डॉक्टरांनी लाल औषध दिलं. म्हणाले, उन्हाची गरमी आहे. तुमच्या बाबूंना विचाराल? ते मोठ्या ऑफिसात आहेत."

भांड्यांचं बोलायचं शकुन विसरून गेली.

त्या दिवशी तिने दिगंबरला जेवतानाच विचारलं. पोराचं सांगितलं, आईच्या पायांचं, ओतून दिलेल्या पेजेचं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"आवाज गेलाय? पायावर दाबलं की खळगा पडतो?"

"हो."

"बेरीबेरी," तो म्हणाला. "आईच्या अंगात बी-वन नाही, मग दुधात येणार कुठून? पोर पिऊन पिऊन मरतं."

"औषध आहे ना पण?"

"आहे म्हणजे? तेच, बी-वन. दुकानात मिळतं. एक सुई टोचली की तासाभरात पोर टाहो फोडतं." त्याचे डोळे क्षणभर चमकले, विषय त्याचाच होता. मग कपाळाला आठी पडली. "पण असं होईल कसं? त्या भातात पुरेसं आहे. मी स्वतः काढलंय. पेज ओतून दिली तरी इतकं खाली..."

शकुनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मग एकदाची बोलली. तांदूळ आपण बदलले होते. हातसडीचे घातले होते. आणि पाणी त्यातच आटवलं होतं, आपल्यात करतात तसं.

दिगंबर तिच्याकडे बघतच राहिला. मारतो की काय असं तिला वाटलं.

"मग ते पोत्यातले?" त्याने अगदी हळू विचारलं.

"चिमण्यांना टाकले."

"चिमण्यांना," तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. त्याने पाण्याचं भांडं तोंडाला लावलं आणि रिकामं केलं. "हे आणखी कुणाला बोललीस?"

"नाही हो."

"बोलायचं नाही. आईला नाही, भावाला नाही, देवापुढेसुद्धा नाही." त्याचा आवाज बसला होता. "गुरुवारी दिल्लीहून पाहणी आहे. हाच आकडा आता सगळ्या छावण्यांना लावणार आहेत. साहेबांची बढती त्याच्यावर आहे, माझीही आहे."

"पण ते पोर..."

"ऐक माझं. सुई टोचली आणि पोर उठलं, तर तेच निदान. डॉक्टरला मग गरमी म्हणता येणार नाही. बेरीबेरी म्हटलं की पहिला प्रश्न, आकडा कुणाचा? आणि दुसरा प्रश्न, भात कुणी शिजवला?" त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "चौकशी लागली तर हे क्वार्टर जाईल. मग काय, भोरला भावाच्या दारात जाऊन बसायचंय?"

भोरचं दार शकुनला चांगलं माहीत होतं. तिथं वहिनी होती. तांदूळ पाठवतानासुद्धा तिची कुरकुर चालायची, ती पत्रातून कळायची.

"गुरुवार झाला की मी स्वतः आणतो," दिगंबर म्हणाला. "पोरं चिवट असतात गं. मधे दोनच तर दिवस आहेत."

"दोनच ना?"

"दोनच."

शकुनने पातेलं पुढं ओढलं आणि त्याच्या भातावर आमटी वाढली. तो जेवला. बायकोने वाढलं आणि नवरा जेवला, बस. असल्या गोष्टी अशाच ठरतात, त्यासाठी कुणाला राक्षस व्हावं लागत नाही.

बुधवारी सरला आली. मागच्या दाराने, भिंत धरत धरत, पोर खांद्यावर. तिने आधी पदर खोचला आणि भांड्यांच्या ढिगापुढे बसली. मांडी घालताना ती कण्हली. दोन भांडी घासून झाल्यावर तिने विचारलं, "बाबूंना विचारलंत, बौदी?"

"विचारलं," शकुन म्हणाली. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. "औषध आहे, पण इथं मिळत नाही. मागवलंय. गुरुवारनंतर येईल."

"येईल ना नक्की?"

"येईल म्हटलं ना!"

औषधाचं दुकान कोपऱ्यावर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची हिरवी पाटी दिसायची. शकुनने खिडकीची एक फळी लोटून घेतली. सरलाला पाटी वाचता येत नव्हती, तरी लोटून घेतली.

मग तिला राहवलं नाही. तिने वाटीभर आमटी ओतली आणि सरलापुढे ठेवली. सरला वाटीकडे बघत राहिली. दोन्ही हातांनी उचलून ती एका दमात प्यायली, बोटाने वाटी पुसली, बोट चाटलं आणि रडायला लागली.

"तुमच्यासारखं माणूस नाही, बौदी," ती म्हणाली.

फडक्यातलं पोरही रडत होतं. त्याच्या छातीचा भाता जोरात चालला होता आणि मानेची शीर उडत होती. शकुनने एकदा पाहिलं आणि परत पाहिलं नाही. आत्ता चप्पल घालून कोपऱ्यावर जायचं, बस, एवढंच होतं. तिने चप्पल घातलीसुद्धा. मग भोरचं दार आठवलं, साहेब आठवले, आणि तिने ती काढून ठेवली. सरला जाताना पातेली ओळीने मांडून गेली. एकाही पातेल्याला राख राहिली नव्हती.

गुरुवारची पाहणी उत्तम झाली. दिगंबरने घरी येऊन सगळं सांगितलं. दिल्लीचे पाहुणे आले, छावणीतल्या मोठ्या चुलाणावर मुद्दाम ताजा, पेज न ओतलेला भात करून ठेवला होता. तांदूळ अर्थात चांगले आणले होते. पाहुण्यांनी तो तराजूत तोलून बघितला, चिमूटभर तोंडातही टाकला. साहेबांनी तक्ता दाखवला. पाहुणे खूश. पाय सुजलेल्या बाया आणि किरकिरी पोरं मागच्या ताडपत्रीआड बसवली होती, उन्हाचा त्रास नको म्हणून.

"गडबड काही झाली नाही ना?" शकुनने विचारलं.

"अजिबात नाही. जरासाही आवाज नाही." त्याने खिशातून एक लांबट खोकं काढून टेबलावर ठेवलं. आत काचेच्या नळ्या होत्या. "हे घे. दिलेला शब्द पाळलाय मी. साहेबांनाही सांगितलंय, अशक्तपणावरची सुई म्हणून टोचायची. कंपाउंडर सकाळी येईल. तू बरोबर जा, तुझं ऐकतील बाया."

सकाळी शकुन लवकर आवरून निघाली. खोकं तिने पदराखाली धरलं होतं, फुटू नये म्हणून. सायकल हातात धरून कंपाउंडर पुढे चालला होता. गटाराच्या कडेकडेने जाताना ती मनात म्हणत होती, झालं, आता झालं. रांगेच्या शेवटी सरला गोणपाटावर बसलेली दिसली. मांडी रिकामी होती. ब्लाउज पुढून ओलाचिंब होता, दूध पोटावर ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

शेजारणीने सांगितलं. काल दुपारी गेली पोर. ताडपत्रीमागे. पाहुणे इकडे भात तोलत होते तेव्हाच. निळी पडली, दोनदा हातपाय झाडले आणि गेली. आवाज नव्हता, त्यामुळे आईशिवाय कुणाला कळलंही नाही. पाहुण्यांच्या गाड्या जाईपर्यंत सरला तिला तशीच घेऊन बसली होती. उठायचं नाही असं बजावलं होतं ना! संध्याकाळी नदीकाठी वाळूत पुरून आले.

शकुनच्या हातातलं खोकं जड झालं. कंपाउंडर म्हणाला, "मग आता? परत जायचं?"

तोच एक बाई धावत आली. तिचं नाव कालिंदी. तिच्या हातात पोरगा होता, तसाच गुबगुबीत, तसेच निळे ओठ, तोंड वासलेलं आणि आवाज नाही. तिने काही विचारलं नाही की सांगितलं नाही, पोर कंपाउंडरच्या पुढ्यात धरलं. त्याने शकुनच्या हातातलं खोकं घेतलं आणि नळी फोडली. सुई मांडीत गेली तेव्हा पोराने अंग ताठ केलं, पण तोंडातून श्वासच बाहेर पडला.

शकुनला घरी जाता आलं असतं. पाय निघेनात. ती तिथंच पत्र्याच्या सावलीत उभी राहिली. समोर सरला, तिच्यापलीकडे कालिंदी पोराला मांडीवर घेऊन. कंपाउंडर रांगेतल्या पुढच्या बायांना टोचत चालला. ऊन चढलं. चुली पेटल्या, हंड्या उपड्या झाल्या, गटारातून पेज वाहू लागली. कालिंदीच्या पोराच्या ओठांचा निळेपणा आधी फिका झाला, मग गेला. छातीचा भाता संथ झाला. आणि एकाएकी ते पोर रडलं.

रडलं म्हणजे कसं! खणखणीत, सगळी रांग हादरेल असं. बाया हातातली कामं टाकून धावल्या. कालिंदी हसत होती, रडत होती, पोराचे मुके घेत होती. पोर थांबायला तयार नव्हतं.

सरलाने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच. तिने त्या आवाजाकडे पाहिलं, मग कंपाउंडरच्या हातातल्या नळीकडे आणि मग शकुनकडे.

"बौदी," ती म्हणाली, "हे औषध कधी आलं?"

बाया गप्प झाल्या. फक्त ते पोर ओरडत होतं.

"आज," शकुन म्हणाली. "आज सकाळीच आलं."

सरला तिच्या तोंडाकडे बघत राहिली. शकुननेही नजर हलवली नाही. हलवली असती तर सगळंच संपलं असतं. मग सरलाने सावकाश मान हलवली, डाळ मागितली त्या दिवशी हलवली होती तशीच.

"एक दिवस," ती म्हणाली. "माझंच कपाळ, बौदी. एक दिवस आधी आलं असतं तर तुम्ही काय आणल्याशिवाय राहिला असता?"

ती पत्र्याला धरून उठली. सुजलेले पाय ओढत पुढं आली आणि खाली वाकली. शकुनला तिचे ओले हात पावलांवर लागले, मग कपाळ लागलं. आजूबाजूच्या बाया पदर सारखे करून वाकायला पुढे सरसावल्या. शकुनला पाय मागे घ्यायचे होते, पण मागे गटार होतं.